पाचवा शब्द अत्याकडे आहे

तुमच्या घरात कुणी कालची गोष्ट आज विसरत असेल, आणि तुम्ही प्रेमापोटी त्याच्या वतीने उत्तरं देत असाल, तर थांबा. निदान हे वाचून होईपर्यंत थांबा.

मी पत्रकं लिहिते, तमिळमध्ये. भाताच्या शेतांना लागून खाऱ्या पाण्याचे तलाव खणून परदेशी पाठवायला कोळंबी वाढवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध आमची एक लहानशी संघटना आहे, तिची पत्रकं. पत्रकात मागणी पहिल्या ओळीत सांगावी लागते, नाहीतर माणूस त्यात शेंगदाणे गुंडाळून मोकळा होतो. म्हणून इथेही मागणी आधी सांगून टाकली.

हे मराठीत लिहिते आहे, कारण माझ्या आजारात जे चुकलं ते मराठीत चुकलं. आमचं घर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि ती मराठी अशी की पुण्याचा माणूस ऐकून आधी हसतो, मग विचारतो की हे नक्की काय बोलता. नागरी लिपी मला अप्पांनी शिकवली. ते ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत कारकून आहेत आणि रोज बसने जाऊन येतात. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं अप्पांच्या बहिणीने, माझ्या अत्याने. ही गोष्ट माझी जितकी, तितकीच तिची.

ताप

कालव्यांना नुकतं पाणी सुटलं होतं. मी आणि माझी सहकारी मलर मोपेडवरून गावोगाव सभा घेत फिरत होतो. एका सभेतून मी ताप घेऊन परतले. पुढचं मला लोकांनी सांगून माहीत आहे: ताप डोक्यात गेला, झटके आले, मला इस्पितळात नेलं, बरेच दिवस मी कुणाला ओळखत नव्हते.

मग ओळखायला लागले. उठले, चालले, जेवले, वॉर्डातल्या पंख्यावरून परिचारिकेशी भांडले. भांडले म्हटल्यावर अत्याने सुटकेचा श्वास सोडला. रुक्कु परत आली म्हणाली.

पण मी पूर्ण परत आले नव्हते. जुनं सगळं जागेवर होतं. शाळेतल्या बाईंची छडी, जमिनीच्या कायद्याची कलमं, आईच्या हाताचा वास. नवं मात्र टिकत नव्हतं. तासभर राहायचं, संध्याकाळपर्यंत राहायचं आणि झोपून उठलं की साफ. समोरच्या खाटेवर पट्टुकोट्टैची एक बाई होती. ती रोज सकाळी मला स्वतःचं नाव सांगायची. एकदा मी खजील होऊन विचारलं, "काल पण सांगितलं होतं का?" ती म्हणाली, "काल पण सांगितलं होतं. उद्या पण सांगेन. मला इथे दुसरं काम काय आहे?" आजारपणात इतकं साधं औषध मला दुसऱ्या कुणी दिलं नाही. ती घरी गेल्यावर मलरने मला तिच्याबद्दल सांगितलं, आणि मी ते एवढ्यांदा ऐकलं की आता ती मला आठवते असंच वाटतं.

वार कोणता

सकाळी मोठे डॉक्टर यायचे. त्यांच्यामागे शिकाऊ मुलांची रांग. डॉक्टर माझ्याकडे पाहत नसत, माझ्या खाटेकडे पाहत. प्रश्न अप्पांना विचारत. "जेवते का? झोपते का?" मी तिथेच बसलेली. मला आठवत नव्हतं, मी मेले नव्हते. हे मी तेव्हा बोलले की नाही कोण जाणे. मलर म्हणते, बोलले, आणि दोनदा बोलले.

घरी सोडण्याआधी त्यांनी माझी परीक्षा घेतली. आज वार कोणता? काल तुला भेटायला कोण आलं होतं? सकाळी काय खाल्लंस?

आता आमच्या लोकांची एक सवय सांगायला हवी. बाजारात गेलं की आमच्या बायका दुकानदारासमोर तमिळ बोलतात आणि एकमेकींत मराठी. "हा लुटतोय, उठ," हे त्याच्या तोंडावर, हसत, मराठीत. ही युक्ती आम्ही आईच्या कडेवर बसून शिकतो. अत्या यात सगळ्या गल्लीची गुरू. तिने तर त्यात आणखी भर घातली होती. ती मराठी बोलायची जपासारखी: डोळे अर्धे मिटून, मण्यांवर बोट फिरवत, एका सुरात. दुकानदाराला वाटायचं, म्हातारी देवाचं नाव घेते आहे. म्हातारी म्हणत असायची, "रामा रामा, पितळ पातळ अहे, रामा, पुढच्या दुकानात चल, रामा."

डॉक्टरांनी वार विचारला. खाटेच्या पायथ्याशी अत्या माळ घेऊन बसली होती. "रामा रामा, बुधवार अहे, रामा."

"बुधवार," मी म्हणाले.

"काल कोण आलं होतं?"

"रामा, थोरली वहिनी, तिच्यासंगं लेक, रामा, मुरुक्कु घेऊन."

"थोरली वहिनी आणि तिची मुलगी. मुरुक्कु आणले होते."

शिकाऊ मुलं माना डोलवत होती. एकाने तर अत्याचा जप संपेपर्यंत आदराने वाट पाहिली. डॉक्टरांनी सांगितलं की स्मरणशक्ती चांगली आहे, अशक्तपणा आहे तेवढा जाईल, शक्तीचं औषध द्या. अप्पांनी हात जोडले. मी पहिल्या नंबराने पास झाले आणि घरी गेले.

जळलेल्या दुधाचा वास

घरी अत्याने सगळं घर माझ्यासाठी आठवायला लावलं. मी ताटावर बसले की, "सांबार तुला पुरे झालं म्हणालीस की मघा." मी बाहेर निघाले की, "छत्री घे, काल भिजलीस." प्रश्न मनात यायच्या आधी उत्तर कानात. मला बरं वाटायचं, खोटं का बोलू. पण मी तिची माळ झाले होते. ती ओढेल तेवढी पुढे सरकायची.

त्यातच ते दुसरं सुरू झालं. पोटातून काहीतरी वर चढायचं, जळलेल्या दुधाचा वास यायचा, आणि मग थोडा वेळ मी नसायचे. डोळे उघडे, तोंड काहीतरी चघळल्यासारखं. अत्याला वाटायचं, मला भूक लागली आहे. ती लगेच वाटीत दहीभात कालवून आणायची. मी जागेवर यायचे तेव्हा समोर दहीभात असायचा. त्या दिवसांत मी चांगली जाड झाले.

फजिती झाली सभेत. मी बोलायला उभी राहिले, कोळंबीच्या तलावातलं खारं पाणी विहिरीत कसं उतरतं ते सांगितलं, टाळ्या झाल्या, बसले. थोड्या वेळाने पुन्हा उभी राहिले आणि तेच भाषण, त्याच विनोदांसकट, पहिल्यापासून केलं. लोक चांगले होते. ज्या ठिकाणी आधी हसले होते, त्याच ठिकाणी पुन्हा हसले.

घरी परतल्यावर मलरने माझ्यासमोर एक पत्रक ठेवलं. मी वाचलं. "कुणी लिहिलंय? बाई रागावलेली आहे, पण मुद्द्याचं बोलते."

"तू. परवा."

त्या वेळी मी घाबरले. आधी घाबरत होते ते मरणाला. हे वेगळं होतं. माझ्याकडे जमीन नाही, पदवी अर्धवट, आवाज घोगरा. गावातली माणसं माझ्यावर विश्वास ठेवतात ते एकाच कारणाने. त्यांनी सांगितलेलं मी लक्षात ठेवते: कुणाची विहीर, कधीपासून खारट, कोण धमकी देऊन गेलं. ते गेलं तर मी नुसती ओरडणारी बाई.

मलर म्हणाली, "तिरुच्चीला जाऊ. तिथे मेंदूचे डॉक्टर आहेत, यंत्र आहे."

"डॉक्टरांनी चांगली अहे म्हटलंय की," अत्या म्हणाली.

"अत्तै," मलर तिला तमिळ पद्धतीने हाक मारते, "डॉक्टरांना ती चांगली दिसली. मला नाही दिसत."

मलरचं मराठी

तिरुच्चीचे डॉक्टर बुटके, घाईचे आणि तुसडे. पहिला प्रश्न त्यांनी मला विचारला, अप्पांना नाही. तिथेच मी त्यांची झाले. त्यांनी काही शब्द सांगितले, मग इकडचं तिकडचं बोलले, हिशेब घातले, आणि शब्द परत विचारले.

मागे खुर्चीत माळ फिरू लागली. "रामा रामा, कुलूप, रामा..."

"कुलूप," मी म्हणाले.

"डॉक्टर," मलर तमिळमध्ये म्हणाली, "त्या जप करत नाहीयेत. उत्तरं सांगताहेत."

अप्पा जमिनीकडे पाहू लागले. अत्याची माळ थांबली.

मलर कोलेरून नदीकाठच्या खेड्यातली. तिच्या घराण्यात मराठीचं अक्षर नाही. पण तीन वर्षं आमच्या स्वयंपाकघरात बसून जेवली होती, आणि कानात आलेलं तिने बाहेर टाकलं नव्हतं. आमच्यापैकी कुणाच्या हे ध्यानातही आलं नाही. तिच्यासमोर आम्ही तिच्याबद्दलही मराठीत बोललो होतो. काय काय बोललो होतो ते आठवण्याचा मी प्रयत्न केला. जुनं असल्यामुळे दुर्दैवाने सगळं आठवलं.

डॉक्टर अत्याकडे वळले. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "आजी, इस्पितळातही असंच केलंत?"

"केलं," अत्या म्हणाली. "पोरगी गप बसली असती तर वेडी म्हणून लिहून टाकलं असतं. मग तिला कोण विचारणार? लग्नाची अहे."

"आणि तिने बरोबर उत्तरं दिली म्हणून कुणी तिच्या मेंदूत पाहिलंच नाही."

परतीच्या बसमध्ये अत्या खिडकीशी बसली. वल्लम गाव मागे पडल्यावर मलरकडे न पाहता म्हणाली, आणि हे तिने मराठीतच म्हटलं, "तीन वर्षं माझ्या हातचं जेवलीस. माझ्याच भाषेत मला पकडून दिलंस."

मलरने मराठीत उत्तर दिलं. तिचं ते पहिलं मराठी वाक्य, मोडकंतोडकं. "तुमच्याच ताटावर शिकलों, अत्तै."

त्यानंतर बरेच दिवस अत्या तिच्याशी बोलली नाही. जेवायला मात्र वाढायची. भात जरा आपटून वाढायची.

रेघा

मेंदूचा आलेख काढायचा होता. त्यासाठी दोन अटी. डोक्याला तेल नको, आणि आदल्या रात्री झोप नको, म्हणजे यंत्रापाशी पडल्यावर झोप लागेल. जागरणाला अत्याची हरकत नव्हती, तेल न लावण्याला होती. शिकेकाईने केस कोरडे करताना ती सारखी पुटपुटत होती. या वेळी खरोखरच देवाचं नाव.

डोक्याला चिकट लेप लावून तारा डकवल्या. कागद सरकत होता, पेनं त्यावर खरखरत होती. डोळे मिटा, उघडा, जोरात श्वास घ्या. मग मी झोपले.

नंतर डॉक्टरांनी तो लांबलचक कागद टेबलावर पसरून मला दाखवला. मला, बरं का. "ही तुमची झोप. लाटा पाहा, सावकाश, एकसारख्या. आणि हे इथे." लाटांच्या मधोमध, डाव्या कानावरच्या तारेच्या रेघेत, अचानक टोकं उठली होती. काट्यांसारखी. "तापाने तिथे जखम ठेवली. तिथून छोटे झटके सुटतात. दिवसा सुटले की तुम्हाला दुधाचा वास येतो. झोपेत सुटले तर कुणाला कळतही नाही."

"मग आठवण का जाते?"

त्यांनी उलट विचारलं, "गाण्याच्या मैफलीला बसता का?"

"अत्या बसते."

"मग आजी, तुम्ही सांगा. सगळे मांडीवर ताल धरून बसलेत आणि मधेच एक जण भलत्याच मात्रेवर टाळ्या पिटू लागला, तर?"

"त्याला बाहेर काढावं," अत्या म्हणाली.

"तसंच आहे. काही शिकताना मेंदूचे भाग एका लयीत चालतात असं दिसतं. झोपेत तीच लय पुन्हा धरून दिवसभराचं नीट लावून ठेवतात. या काट्यांनी ती लय मोडते. उंदरांमध्ये यातलं बरंच पाहिलं गेलं आहे. माणसात असंच असावं असं मला वाटतं. छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

'मला वाटतं' म्हणणारे डॉक्टर मी पहिल्यांदा पाहत होते. आमच्या गावात नव्या काचेच्या दारांची तपासणी केंद्रं उघडली आहेत, बाहेर थंड पेयांच्या जाहिराती, आत सगळं 'शंभर टक्के'. मंत्री म्हणतात, देश खुला झाला. खुला झाला तर माझ्या गावच्या माणसाला हा एक कागद काढायला तिरुच्चीपर्यंत का यावं लागतं? हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "पत्रकात लिहा." लिहिलं.

आठवण आणून देणारी गोळी नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळ्या टाळ्या पिटणाऱ्याला बाहेर काढतील. लय आपली आपण धरावी लागेल. रोज वेळेवर झोप. मोपेड बंद, कालव्यात पोहणं बंद. गोळी एकही चुकवायची नाही, बरं वाटलं तरी नाही. "आणि उत्तर कुणी द्यायचं नाही. तुम्ही शोधाल, चुकाल, पुन्हा शोधाल. शोधताना जे होतं ते हातात आयतं मिळाल्यावर होत नाही."

अत्या दाराकडे पाहत होती.

गप्प घर

सुरुवातीला गोळ्यांनी घर गरगरायचं. तोल जाऊन मी तुळशीच्या कट्ट्याला धरायचे. दुधाचा वास विरळ होत गेला, मग थांबला. सकाळी उठल्यावर आदल्या दिवसाचे तुकडे सापडायला लागले. अप्पा बसमधून उतरताना घसरले होते. चिंच संपली होती. क्षुल्लक गोष्टी, पण माझ्या स्वतःच्या.

सगळ्यात अवघड गेलं ते अत्याला. मी फडताळ उघडून उभी राहायचे, कशासाठी ते आठवत नसायचं, आणि तिचे ओठ हलायला लागायचे. मग ती पदराचं टोक तोंडात धरायची. एकदा मी कॉफीत दोनदा साखर घातली. तिने पाहिलं, आणि पाहत राहिली. मी पहिला घोट घेतल्यावर हळूच म्हणाली, "कशी अहे?"

"गोड."

"हं," ती म्हणाली, आणि मोरीकडे जाऊन उगाच भांडी घासत बसली.

आजारी माणसाला मदत करणं सगळ्यांना समजतं. त्याला चुकू देण्यासाठी किती माया लागते ते मी तिच्याकडे पाहून शिकले.

परीक्षा

पुन्हा तिरुच्चीला गेलो. डॉक्टरांनी शब्द सांगितले, पाच. लगेच विचारले, मी पाचही सांगितले. मी फुशारून बसले.

"याला मी मार्क देत नाही," ते म्हणाले. "तुमचं नुकसान रात्रीत होत होतं. खरी परीक्षा उद्या सकाळी. मी तिथे नसेन." मग ते अत्याकडे वळले. "आजी, शब्द लक्षात आहेत?"

"अहेत."

"उद्या तिने दात घासले की तुम्ही विचारायचं. एकदाच. काही सुचवायचं नाही, मान हलवायची नाही. मग मला फोन करून सांगायचं. तुमच्यावर सोपवलं."

मलरने माझ्याकडे पाहिलं. मी मलरकडे. मांजराला दूध राखायला बसवलं होतं.

अत्या मात्र ताठ झाली. त्या संध्याकाळी ती कुणाशीच बोलली नाही, चुकून काही निसटेल म्हणून. अप्पांनी मीठ मागितलं तर बोटाने दाखवलं. मी वेळेवर झोपले.

सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, पाठ भिंतीला, माळ नाही, तोंडात विड्याचा तोबरा. नाश्त्याआधी विडा मी तिला कधी खाताना पाहिलं नव्हतं. गालातून जेमतेम शब्द काढत तिने विचारलं, "सांग."

"नारळ," मी म्हणाले. "बैल." दोन्ही आपसूक आले, बोलावल्यासारखे. "पणती." मग थांबले. काहीतरी लांब, वर टांगलेलं. "शिडी."

ती पाहत होती. डोळ्यांची पापणी हलत नव्हती.

पाचवा नव्हता. जागा होती, शब्द नव्हता. मी न्हाणीघराकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिचा गाल फुगलेला, डोळे भरलेले, उजवा हात मांडीवर ताल धरायला उचलला गेला आणि डाव्या हाताने तो दाबून धरला.

"नाही येत," मी म्हणाले.

ती उठली, अंगणात जाऊन विडा थुंकून आली, आणि चपला घालून निघाली. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथपर्यंत मी मागे. मलर तिथे आधीच येऊन उभी होती. काचेच्या पेटीत अत्या फोनवर तमिळमध्ये इतक्या जोराने बोलली की रस्त्यापलीकडचा फुलवाला वळून पाहू लागला.

"डॉक्टर, चार. पाच नाही. चारच."

आयुष्यभर दुकानदारांशी, सरकारी माणसांशी, देवाशीसुद्धा थोडं इकडेतिकडे करणाऱ्या माझ्या अत्याने एक शब्द माझ्या बाजूने वाढवला नाही. मग ती ऐकत राहिली. डॉक्टर काय म्हणाले ते तिने बाहेर आल्यावर सांगितलं, मला नाही, मलरला. आणि मराठीत. "म्हणाले, चार शब्दांनी रात्र काढली म्हणजे पोरगी कामाला लागू दे. गोळ्या चालू ठेवा."

"चार पुष्कळ, अत्तै," मलर म्हणाली.

"चल, इडली निवते," अत्या तिला म्हणाली.

आता मी सभा घेते. एका सभेत एकच भाषण करते. कुणाची विहीर खारट झाली ते लक्षात राहतं. जे निसटतं ते मलरला विचारते, आणि ती म्हणते, आधी आठव.

पाचवा शब्द मी अत्याला अजून विचारते. दळताना, केसांना तेल लावताना, ती झोपेत गाफील असेल म्हणून दुपारीसुद्धा विचारून पाहिलं.

"डॉक्टरांनी सुचवू नको म्हटलंय," ती म्हणते, आणि माळ फिरवायला लागते. मी कान देऊन ऐकते. नुसतं रामा रामा असतं.